गोकू आपला आहे का?

(नेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी माईक जुळवणं चाललं होतं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने आम्हाला जवळ बोलावलं. अंगात नारिंगी टी-शर्ट, त्यावर केस ताठ उभे राहिलेल्या माणसाचं चित्र. त्याने विचारलं, "सर, गोकू अन् हनुमानजीची लढाई झाली त कोन जिंकन?" आम्ही उत्तर देण्याआधीच मागून एक आजी म्हणाल्या, "हनुमान काहाले लढन? रामाचं काम असन तवाच लढन थो." सगळा हॉल हसला.

पण मंडळी, त्या पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1923 साली हू शी नावाच्या एका मोठ्या चिनी विद्वानाने जवळपास हाच विषय काढला होता. गोकू आणि हनुमान यांचं एकमेकांशी नातं काय, असा तो विषय. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणून आज आपण या गोकूची वंशावळ काढायची आहे. इतिहासाच्या व्याख्यानाला कार्टून कशाला, असं कुणाच्या मनात असेल तर त्यांनी अर्धा तास दम धरावा. वाटेत पुलकेशी भेटेल, अजिंठा लागेल आणि शेजारचं वाशीमही लागेल.

आधी ज्येष्ठांसाठी थोडं सांगतो. गोकू हा 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रकथेचा नायक. अशा चित्रकथेला जपानीत 'मांगा' म्हणतात आणि तिच्यावरून केलेल्या कार्टूनला 'अ‍ॅनिमे'. आकिरा तोरियामा या चित्रकाराने 1984 ते 1995 अशी सलग अकरा वर्षं ही कथा 'शोनेन जंप' नावाच्या साप्ताहिकात काढली. 519 प्रकरणं, 42 खंड. त्यावरून तोएई कंपनीने आधी 153 भागांची मालिका केली आणि मग 1989 ते 1996 या काळात 'ड्रॅगन बॉल झेड' ही 291 भागांची दुसरी. हे साप्ताहिक म्हणजे काही किरकोळ प्रकरण नव्हतं. 1995 च्या सुमाराला त्याचा खप आठवड्याला 65 लाखांवर गेला होता. आपल्याकडे बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं, 'चांदोबा' आमच्या आधीच्या पिढ्यांनी पारायणं करून वाचला. पण मुलांच्या एका साप्ताहिकाच्या पासष्ट लाख प्रती, हा आकडा आपल्या डोक्यात बसतच नाही.

आमची पिढी या गोकूला भेटली ती केबलवर, दोन हजारच्या दशकात, कार्टून नेटवर्कवर. आणि विदर्भातला तो काळ लोडशेडिंगचा. लढाई ऐन रंगात आलेली असायची, फ्रीझा नावाचा दुष्ट म्हणायचा की पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार, आणि आमच्याकडे लाइट जायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर पाच मिनिटं अजून सरलेलीच नसायची! ती पाच मिनिटं साधारण दहा भाग चालली. आम्हाला वाटायचं, आपलं काही चुकलंच नाही, लोडशेडिंगची भरपाई जपानी लोकांनीच करून दिली.

त्यामागचं खरं कारण नंतर कळलं. मांगाचं एक प्रकरण आठवड्याला पंधराएक पानांचं, आणि टीव्हीला दर आठवड्याला वीस-बावीस मिनिटं भरून हवीत. कार्टून पुढे पळालं तर कथाच संपायची. म्हणून मग टक लावून बघणं, घाम, वारा, उडणारे दगड. पुढे गोकूचे काळे केस लढताना सोनेरी होतात, मुलांना तो क्षण पाठ असतो. त्यामागेही तसंच व्यवहारी कारण आहे. मांगा काळ्या-पांढऱ्यात छापली जायची आणि दर आठवड्याला काळे केस शाईने भरण्यात सहायकाचा फार वेळ जायचा. केस पांढरे सोडले की काम हलकं. हे तोरियामाने स्वतःच सांगून ठेवलं आहे. कलेचा इतिहास लिहिताना आपण प्रेरणा वगैरे फार शोधतो, पण शाईचा आणि वेळेचा हिशेबही बघावा.

आणि हो, इथे शेतकरी मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. गोकूच्या जमातीचं नाव सैयाजिन. जपानीत भाजीला 'यासाई' म्हणतात, त्याची अक्षरं उलटसुलट करून ते बनवलं आहे. गोकूचं जन्मनाव काकारोट म्हणजे गाजर, त्याचा भाऊ राडिट्झ म्हणजे मुळा, तिसरा नाप्पा म्हणजे तिकडची कोबी. विश्वाचा थरकाप उडवणारी सगळी मंडळी बाजारातल्या टोपलीतली आहे.

आता वंशावळ. 'सोन गोकू' हे नाव तोरियामाने तयार केलेलं नाही. 'सुन वूकोंग' या चिनी नावाची अक्षरं जपानी उच्चारात वाचली की 'सोन गोकू' होतं. सुन वूकोंग म्हणजे 'शी यू जी', म्हणजे 'पश्चिमेचा प्रवास', या चिनी कादंबरीतला वानर. तिची शंभर प्रकरणांची जुनी छापील प्रत 1592 ची आहे. लेखक म्हणून वू छंग-अन यांचं नाव परंपरेने घेतलं जातं. कादंबरीत एक बौद्ध भिक्षू ग्रंथ आणायला पश्चिमेकडे निघतो, आणि त्याच्या रक्षणाला एक वानर, एक डुक्करतोंड्या आणि एक नदीतला राक्षस असे तीन शिष्य असतात. वानराकडे हवी तेवढी लांब होणारी काठी आहे, आणि तो ढगावर बसून कोलांटी मारत जातो.

ज्यांनी ड्रॅगन बॉलचे पहिले भाग पाहिले असतील त्यांच्या लगेच लक्षात येईल. लहान गोकूला शेपूट आहे. त्याच्याकडे लांब होणारी काठी आहे, बसायला पिवळा ढग आहे. बरोबर ऊलॉंग नावाचं डुक्कर आहे. भिक्षूच्या जागी बुल्मा नावाची मुलगी आहे, आणि ती ग्रंथांऐवजी सात गोळे शोधते आहे. आगीने वेढलेला डोंगर, बैलराजा, वाऱ्याचा पंखा हेसुद्धा कादंबरीतलंच. जपानमध्ये ही कथा 'सैयुकी' नावाने शतकानुशतकं घरोघरी माहीत आहे. ओसामू तेझुकांनी 1950 च्या दशकात तिच्यावर मांगा काढली, आणि 1960 साली तोएईनेच त्या मांगावरून चित्रपट केला. तीच तोएई, जिने पुढे ड्रॅगन बॉल केलं.

मग ही प्रवासाची कथा मारामारीची कशी झाली? तर वाचकांमुळे. शोनेन जंपमध्ये दर अंकाबरोबर पोस्टकार्ड असायचं, मुलं आवडत्या कथा कळवायची, आणि मागे पडलेली कथा बंद व्हायची. ड्रॅगन बॉलला सुरुवातीला म्हणावा तसा प्रतिसाद नव्हता. संपादक काझुहिको तोरिशिमा आणि तोरियामा यांनी कथेत कुस्तीच्या दंगलीसारखी एक स्पर्धा आणली आणि मतं वाढली. मग शेपूट गेली, ढग मागे पडला, आणि शेवटी तर कळलं की हा मुलगा वानर नसून दुसऱ्या ग्रहावरचा आहे. मुलांच्या पोस्टकार्डांनी एका यात्रेकरूच्या शिष्याला पैलवान करून टाकलं.

पण त्या कादंबरीतला भिक्षू खरा होता, आणि तो आपल्याकडे येऊन गेला होता. आता आपण चौदाशे वर्षं मागे जातो.

आमच्या वेळी शाळेत त्याचं नाव ह्यू-एन-त्संग होतं, आता पाठ्यपुस्तकात युआन श्वांग लिहितात. माणूस तोच. सन 629 च्या सुमारास तो चीनमधून निघाला, बादशहाची परवानगी नसताना. 645 मध्ये परत पोचला तेव्हा त्याच्याबरोबर 657 ग्रंथ होते. पुढच्याच वर्षी त्याने प्रवासवर्णन पूर्ण केलं. त्या वर्णनात 'मो-हो-ला-छा' नावाचा एक देश आहे. मो-हो-ला-छा म्हणजे महाराष्ट्र. साधारण 641 साली तो इथे होता, आणि राजा होता दुसरा पुलकेशी. त्याआधी सहा-सात वर्षं, 634-35 मध्ये, रविकीर्तीने कोरलेल्या ऐहोळेच्या शिलालेखात याच पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या 99,000 गावांचा स्वामी म्हटलं आहे. उत्तरेचा हर्ष सगळ्यांना जिंकत आला तो इथे अडला, हे युआन श्वांगही नोंदवतो.

आणि या देशातल्या लोकांबद्दल तो काय लिहितो, ते आमच्या शब्दांत सांगतो. जमीन कसदार, हवा गरम. माणसं उंच, साधी, पण मानी. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचं भान न ठेवता धावतात. सूड घ्यायचा असेल तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही शस्त्र घेऊन समोरासमोर उभे राहतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेने जीव देतो. राजाने शेकडो वीर पोसलेले आहेत, ते लढाईआधी दारू पितात, आणि हत्तींनाही पाजतात.

आम्ही हा उतारा पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा एकदम आठवलं ते कार्टून. आधी शत्रूला सांगायचं की मी आता तुझ्यावर अमुक वार करणार, मग दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, आणि हरलेल्याला जीवदान द्यायचं. गोकू नेमकं हेच करतो! व्हेजिटाला तो जाऊ देतो. फ्रीझाने दयेची भीक मागितली तर स्वतःची थोडी शक्ती देतो.

मोह इथेच होतो. म्हणजे बघा, आता या मंचावरून आम्ही म्हणायचं, "जपानी कार्टूनमधला क्षात्रधर्म हा मूळचा महाराष्ट्राचा!" टाळ्या पडतील, उद्या ते फॉरवर्ड होईल. आणि ते खोटं असेल. कारण त्या चिनी कादंबरीत पुलकेशीच्या या वीरांचं वर्णन कुठे आलेलं नाही. तोरियामाने मारामारीसाठी काय पाहिलं, तेही त्याने सांगितलं आहे. जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर', आणि सोनेरी केसांच्या गोकूच्या नजरेसाठी ब्रूस ली. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीतून निघाली असं होत नाही. मधली वाट दाखवावी लागते. ही इतिहासाची पहिली अट, आणि आमच्यासकट सगळे ती पहिल्यांदा मोडतात.

मग वाट खरोखर कुठे दिसते? आपल्या विदर्भाला दोन ठिकाणी दिसते.

पहिलं ठिकाण अजिंठा. युआन श्वांग लिहितो की महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर डोंगररांगेत, अंधाऱ्या दरीत एक विहार आहे, भिंतींवर बुद्धाच्या आधीच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, दाराबाहेर दगडी हत्ती आहेत. तो विहार अर्हत आचार याने उभारला, असंही तो म्हणतो. बहुतेक अभ्यासक हे अजिंठाच मानतात. 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात अचल नावाच्या स्थविराचा उल्लेख आहे, तो हाच असावा. तो स्वतः तिथे गेला की ऐकून लिहिलं, यावर मतभेद आहेत. आता 16 क्रमांकाचं लेणं कोणी कोरवलं? वराहदेवाने. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. अजिंठ्याचा सोन्याचा काळ पाचव्या शतकातला, आणि त्याची सूत्रं वाशीमहून हलत होती. वाशीमच्या बसस्टँडवर उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, सोडून द्या.

दुसरं ठिकाण नावातच आहे. 'वू-कोंग' किंवा 'गो-कू' या दोन अक्षरांचा अर्थ ठाऊक आहे? 'कू' म्हणजे शून्य, रिकामेपण. 'गो' म्हणजे जाणणं, उमजणं. गोकू म्हणजे ज्याला शून्य उमजलं तो. हे शून्य पाढ्यातलं नव्हे. ही बौद्ध तत्त्वज्ञानातली शून्यता, आणि ती ज्याने तर्काने मांडली तो आचार्य नागार्जुन. त्याच्या जन्माबद्दलच्या कथा अनेक आहेत, काळही नक्की नाही, पण तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात झाला असं सांगते. ही परंपरा आहे, पुरावा नव्हे. पण ती इतकी जिवंत आहे की नागपुरात कित्येक दशकं राहिलेले जपानी भिक्खू भदन्त सुरई ससाई यांनी नागार्जुनाच्या शोधात मनसरच्या उत्खननाचा ध्यास घेतला. चीनमध्ये शून्यतेचे मोठे ग्रंथ भाषांतरित झाले, त्यांत युआन श्वांगने केलेलं काम प्रचंड आहे. दोशो नावाचा जपानी भिक्षू त्याच्याच हाताखाली शिकून जपानला परतला. म्हणजे विचाराची ही वाट पुसट नाही, ग्रंथांच्या आधाराने पावलापावलाने दाखवता येते. नारिंगी टी-शर्टवर जे नाव छापलं आहे त्यात भारतात घडलेला एक शब्द चिनी अक्षरात बसला आहे. एवढं आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

आता हनुमान. हू शी यांचं म्हणणं होतं की उडणारा, पराक्रमी, धर्मकार्याला मदत करणारा वानर ही कल्पना चीनला रामायणातून मिळाली असावी. लू शून, चीनचे थोर कथाकार, यांना ते पटलं नाही. त्यांनी तांग काळातल्या एका चिनी कथेतला 'वू-जी-छी' नावाचा पाण्यातला वानरराक्षस पुढे केला, ज्याला डोंगराखाली कोंडलं होतं. आणि कादंबरीतल्या वानरालाही बुद्ध डोंगराखाली पाचशे वर्षं कोंडतो. हू शींच्या बाजूने काय आहे? तिसऱ्या शतकात चिनीत आलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात रामकथेसारखी गोष्ट आहे. राजा वनात जातो, राणी पळवली जाते, वानरांची मदत होते. पण त्यात ना रामाचं नाव, ना हनुमानाचं. चीनच्या किनाऱ्यावरच्या छुआनचौ बंदरात, जिथे भारतीय व्यापारी येत, एका बौद्ध मनोऱ्यावर 1237 च्या सुमाराचं वानर-रक्षकाचं शिल्प आहे. तेही सुचवतं, सिद्ध करत नाही. स्वभावाचं बघाल तर आजींचं म्हणणं खरं आहे. हनुमान सेवक, रामाच्या कामाशिवाय हात न उचलणारा. सुन वूकोंग बंडखोर, स्वर्गात धुडगूस घालणारा, बुद्धाच्या तळहातावरून उडी मारून पळायला बघणारा.

आमचं मत विचाराल तर दोन्ही धागे एकत्र वळले गेले असावेत. चिनी वानरकथा आधीच होत्या, त्यांत भारतीय वानराची ऊब मिसळली. पण कुणी छाती ठोकून "गोकू म्हणजे आपला हनुमानच" म्हणालं, तर त्याला विचारा, मधल्या हजार वर्षांचं काय करायचं? ज्या चिनी कथाकारांनी बाजारात बसून ही गोष्ट सांगितली, ज्या जपान्यांनी ती आपली केली, ज्या चित्रकाराने अकरा वर्षं दर आठवड्याला पानं भरली, त्यांचे कष्ट पुसून आपलं नाव टाकायचं? 1 मार्च 2024 ला तोरियामा वारला. 68 वर्षांचा होता. बातमी आली तेव्हा या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी स्टेटसला गोकू ठेवला होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की हा आपला आहे. त्यांना तो तसाच आवडला होता.

उलट बाजूचीही गोष्ट बोलू. काही पालक म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, पोरं बिघडतात. त्यांना आम्ही एवढंच विचारतो, पोरांना मराठीत काय दिलं? सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चा चित्रपट भारतभर लागला. हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत. मराठीत नाही. गोकूही आपल्याकडे हिंदी बोलतच आला. आमची पिढी शाळेत मराठी शिकली, घरी वऱ्हाडी बोलली आणि लढाईचे सगळे शब्द हिंदीत शिकली. आजही दोन पोट्टे गल्लीत खोटीखोटी लढाई करतात तेव्हा ओरडतात हिंदीत. जपानी गोष्ट मराठीला पेलत नाही म्हणावं तर 'तोत्तोचान' मराठीत येऊन केवढी वाचली गेली! वेताळ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी बोलत होताच की. चौदाशे वर्षांपूर्वी एक माणूस पायी इथे आला, आमच्या नावाचे चार तुकडे करून ते चिनी अक्षरांत बसवलं आणि घेऊन गेला. त्याला परक्या भाषेतलं आपल्या भाषेत आणायची लाज नव्हती, उलट तेच त्याचं काम होतं. गोकू आपला म्हणायचा हक्क हवा असेल तर तो हनुमानाच्या नावावर मागण्यापेक्षा भाषांतर करून मिळवावा, असं आम्हाला वाटतं. पैसा कोण घालणार, हा प्रश्न आहेच, आणि त्याचं उत्तर आमच्या खिशात नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. त्या नारिंगी टी-शर्टवाल्या मुलाला मात्र एक सांगून जातो. बेटा, ती लढाई आजवर कुणी लिहिलेलीच नाही, त्यामुळे कोण जिंकलं ते आम्हाला सांगता येत नाही. पण शाळेची सहल कधी अजिंठ्याला गेली तर सगळ्यांबरोबर घाईने पुढे जाऊ नको. 16 नंबरच्या लेण्याच्या खाली, नदीकडून वर येणाऱ्या दाराशी, दोन बाजूंना दोन दगडी हत्ती बसले आहेत. झिजलेत, पण आहेत. गोकूच्या गुरूने लिहून ठेवलेले हत्ती ते हेच असावेत, असं म्हणतात. त्यांच्याजवळ थोडा वेळ उभा राहा आणि फोटो काढ.